पडद्यावरचे वावर

आमच्या घरात कापूस आणि व्हिडिओ गेम एकाच आठवड्यात आले.

२०२२ सालची दिवाळी होती. भाऊबीजेला पुण्याहून ताई आली, तिच्याबरोबर भाचा आला, आणि भाच्याच्या पिशवीतून एक काळे खोके आले. त्याने नवे घेतले होते. तेव्हा जुने त्याने मोठ्या मनाने आपल्या मामेभावाला, म्हणजे आमच्या चिरंजिवांना, देऊन टाकले. त्याच आठवड्यात आमच्या वावरात सीतादही झाली. वहिनीने पऱ्हाटीच्या झाडाची पूजा केली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि बायांनी पहिली वेचणी सुरू केली. दोन दिवसांनी गाडीतून कापूस घरी आला आणि पुढच्या मोठ्या खोलीत पडला. टीव्हीही त्याच खोलीत. एका भिंतीला पांढरा ढीग आणि समोरच्या भिंतीला काळे खोके, अशी आमच्या घराची मांडणी मग पुढचे सात महिने राहिली.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. सात एकर काळी, कोरडवाहू जमीन. ती दादा कसतो. मी शाळेत शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. घर एकच, चूलही एकच. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या खात्यात पगार जमा होतो आणि दादाच्या खात्यात वर्षातून एकदा काय जमा होईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, एवढाच काय तो आम्हां भावांतला फरक. हा फरक मी फारसा मनावर घेतलेला नव्हता. तो मला त्या खोक्याने दाखवला, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

खोक्याबरोबर एक खेळ आला होता. शेतीचा खेळ! आजोबांचे ओसाड पडलेले वावर तुम्हांला मिळते. ते साफ करायचे, नांगरायचे, पेरायचे, पाणी घालायचे. गाय पाळायची, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवायच्या, जत्रेला जायचे आणि जमलेच तर लग्नही करायचे. कुणाला गोळी घालायची नाही, कुणाला हरवायचे नाही. नुसते जगायचे. माझ्यासारख्या मास्तराला हे ऐकून बरे वाटले. बंदुकांच्या खेळांनी मुलांची डोकी फिरतात, असे मी शाळेत प्रत्येक पालकसभेत सांगत असतो. तेव्हा आपल्या घरी आलेला खेळ तरी सात्त्विक निघाला याचे समाधान वाटले.

या खेळाचा वंशही मोठा गोड आहे. भाच्याने सांगितले आणि मग मी वाचून काढले. जपानात क्यूशू बेटावरच्या मियाझाकी भागातले यासुहिरो वाडा नावाचे एक गृहस्थ नोकरीसाठी तोक्योला आले. तिथल्या गर्दीत त्यांना आपला मागे राहिलेला मुलूख आठवू लागला आणि त्या आठवणीतून १९९६ साली त्यांनी ‘बोकुजो मोनोगातारी’ हा खेळ काढला. बाहेरच्या जगात तो ‘हार्वेस्ट मून’ या नावाने गेला. त्यावर वाढलेल्या एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने बसून, चित्रे, गाणी, गोष्ट सगळे स्वतःच करून, २०१६ साली ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ संगणकावर आणला आणि तो जगभर खपला. म्हणजे पाहा, गाव सोडून गेलेल्या माणसाने गावाची आठवण म्हणून केलेला खेळ, आणि तो खेळतात कोण, तर बहुतेक ज्यांनी कधी मातीत हात घातला नाही असे लोक. आमच्या वाट्याला आलेला खेळ त्यांच्याच गोतातला, पण दूरचा. त्याचे नाव मुद्दाम सांगत नाही. माझे कुणाच्या दुकानदारीशी भांडण नाही, आणि दोष खेळाचा होता की आमच्या म्हाताऱ्या खोक्याचा, हे ठरवण्याइतकी अक्कलही मला नाही.

पण दोष होता, यात शंका नाही. चिरंजिवांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला हाच खेळ भाच्याच्या संगणकावर पाहिला होता. तेव्हापासून तो त्याच्या स्वप्नात होता. संगणकावर उंदीर हातात धरून जिथे बोट दाखवाल तिथे कुदळ पडते. खोक्यावरचा खेळ तोच, पण दोन हातांत धरायच्या कंट्रोलरवरची एक गुंडी अंगठ्याने फिरवून पडद्यावरचा बाण हलवावा लागे. तो बाण म्हणजे नाकात वेसण नसलेला गोऱ्हा! पाणी घालायला जावे तर शेजारच्या ओळीत पडे. तण काढायला जावे तर कुदळ नेमकी आलेल्या पिकावर बसे. अक्षरे इतकी बारीक की पोरगा टीव्हीपासून हातभर अंतरावर बसे आणि आई ओरडली की कापसाच्या ढिगापर्यंत मागे सरके. गावच्या जत्रेचा दिवस आला, सगळे गाव एका जागी जमले, की चित्र अडखळू लागे. ढोलवाल्याचा हात वर गेला की वरच राही. संगणकावरच्या खेळात नवी झाडे आली, नवी जनावरे आली. भाच्याला फोन केला की तो म्हणे, “अरे, ते कन्सोलवर अजून आलेलं नाही.” पुढे पुढे फोन करणेच बंद झाले.

एका संध्याकाळी चिरंजीव तोंड एवढेसे करून माझ्याकडे आले. “बाबा, हा खेळ तोच आहे ना? मग तसा का नाही?”

माझ्यातला मास्तर अशा प्रश्नाची वाटच पाहत असतो. मी त्याला सापशिडीची गोष्ट सांगितली. आपल्याकडे मोक्षपट नावाचा खेळ होता. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. माणसाचा सगळा जन्मच त्या पटावर मांडलेला. शिडी म्हणजे दया, श्रद्धा असा एखादा गुण, साप म्हणजे क्रोध, लोभ असा एखादा दोष. आणि साप जास्त, शिड्या कमी, कारण वर चढणे अवघड आणि घसरणे सोपे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडला गेला. तिथे साप आणि शिड्या सारख्याच झाल्या, गुणदोषांची नावे हळूहळू पुसली गेली आणि शंभर आकड्यांचा एक पुठ्ठा शिल्लक राहिला. “एका ठिकाणचा खेळ दुसऱ्या ठिकाणी नेला की वाटेत काही ना काही सांडतेच,” असा मी समारोप केला. मला माझेच व्याख्यान फार आवडले. चिरंजिवांना ते किती कळले कोण जाणे. तो परत खोक्यासमोर जाऊन बसला.

त्या रात्री दादा जेवून उठला आणि नेहमीप्रमाणे ढिगाला टेकून सुपारी कातरत बसला. टीव्हीवरच्या बातम्या नसल्यामुळे त्याला खेळच पाहावा लागला. थोड्या वेळाने मी पाहिले, तर सुपारी कातरायची थांबली होती.

“हे पेटीत टाकलं का झालं?” त्याने विचारले.

“हो, मोठेबाबा. रात्री टाकायचं. सकाळी उठलं की पैसे आलेले असतात.”

“कोन्त्या भावानं?”

“भाव तर ठरलेलाच असतो. हा बघा, इथं लिहिलाय.”

“रोज तोच?”

“रोज तोच.”

“अळी गिळी?”

“नाही.”

“रोही? डुक्कर? रात्री जागलीले कोन जाते?”

“कुणीच नाही. कुंपण घातलं की झालं.”

दादा हसला. “मंग हे वावर नाही बापा. हे त तुह्या बाबाची नोकरी हाय.”

सगळे घर हसले. मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसू ओसरले आणि वाक्य राहिले.

दादाने अळीचे विचारले ते उगाच नव्हे. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे वाटले होते. काही वर्षे मिटलीही. मग गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला पचवायला शिकली. २०१७ साली तिने विदर्भात जो कहर केला तो आम्ही पाहिला आहे. बोंड बाहेरून कसे ठणठणीत दिसते. फोडावे तर आत कवडी झालेली. फवारणीच्या विषाने आमच्या जिल्ह्यात माणसे दगावली तीही त्याच वर्षी. शेतकऱ्याला साप दिसतो, त्याला तो काठीने मारतो. पण बोंडाच्या आतला साप दिसत नाही, आणि बाजाराच्या आतला तर मुळीच नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबले, भाव उतरला. ज्यांच्या घरात कापूस होता त्यांना लढाई कुणाची आणि कशासाठी हे ठाऊकही नसेल. तेव्हापासून आमचा भाव आमच्या गावात ठरतच नाही.

आणि आता मला जे सांगायचे आहे तिथे यावे लागते. त्या वर्षी तो ढीग आमच्या खोलीत सात महिने पडून राहिला, तो माझ्यामुळे.

आदल्या हंगामात, म्हणजे २०२२ च्या सुरुवातीला, कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. आमचा त्याच्या आधीच विकून झालेला. ते शल्य घरात होतेच. डिसेंबरात व्यापारी दारात आला आणि साडेआठ हजारांना मागू लागला. दादा विकायला तयार होता. उसनवारी होती, वेचणीची मजुरी द्यायची होती. पण मी वर्तमानपत्र वाचणारा! मी त्याला आकडे दाखवले, मागच्या वर्षीची चढण दाखवली आणि म्हणालो, “थांब जरा. मार्चपर्यंत दहा हजार होईल.” दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा आहे, पण शिकलेल्या भावाचा शब्द त्याने कधी मोडला नाही. व्यापारी परत गेला. मजुरीसाठी वहिनीने बचत गटातून पैसे उचलले.

मग सुरू झाले वाट पाहणे. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. गावात घरोघरी तीच तऱ्हा. ज्याच्या त्याच्या खोलीत कापूस आणि जो तो चढत्या भावाची वाट पाहतो आहे. भाव मात्र उतरत होता. ढिगात बारीक किडे झाले, मुलांच्या अंगावर पुरळ उठले, वहिनी रोज संध्याकाळी खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसू लागली. आणि त्या ढिगाला टेकून आमचे चिरंजीव रोज रात्री पडद्यावरचा माल पेटीत टाकत आणि सकाळी शाळेला जाण्याआधी पैसे मोजत. मी जेवताना त्या दोन्हींकडे पाहत असे. माझ्या पानातली भाकरी दोन्हींपैकी कशावरच अवलंबून नव्हती.

मार्चमध्ये एका रविवारी पडद्यावरचे वावर बुडाले. जत्रेच्या दिवशी चित्र थिजले ते थिजलेच. खोके बंद करून पुन्हा लावले, तर सगळी नोंद पुसून गेलेली. ‘नवीन खेळ’ एवढी एकच पाटी शिल्लक. त्या पोराने खेळातली तीन वर्षे शेती केली होती. गोठा बांधला होता, गाईचे नाव कपिला ठेवले होते, आणि वावराच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांत ‘मोठेबाबांचे वावर’ असे लिहिले होते. हे आम्हांला त्या दिवशी, तो रडता रडता सांगू लागला तेव्हा कळले.

मी म्हणालो, “अरे, रडतोस काय? खेळच तो!”

दादा अंगणातून आत आला होता. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “खेळ कसा? चार महिने राबला ना पोरगा.” मग हळूच, “पीक गेलं त एक दिवस रडू द्या लागते. दुसऱ्या दिवशी वखर धरा लागते.”

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी रात्री तो पोराजवळ जाऊन बसला. “चाल, दुबार पेरू. पयले काय पेरतं?” म्हणाला. कंट्रोलर त्याने हातात घेतला. चाळीस वर्षे कासरा धरलेला तो हात, त्या इवल्या गुंड्यांवर अंगठा मावेना. बाण भलतीकडे जाई, दादा म्हणे, “आडमुठा बैल हाय लेकाचा, सवयीनं येईन.” तीन महिने मी आणि चिरंजीव ज्या दोषांना शिव्या देत होतो त्यांतल्या एकाबद्दलही त्याने तक्रार केली नाही. औत मनासारखे चालत नाही, जनावर ऐकत नाही, आभाळ वेळेवर येत नाही, हे त्याला नवे नव्हते. एकच गोष्ट त्याला त्या खेळात मनापासून आवडली. खेळातला माणूस सकाळी उठला की दार उघडून आधी वावराकडे पाहतो. “एवढं बराबर हाय,” दादा म्हणाला.

जूनमध्ये आम्ही कापूस विकला. पेरणी तोंडावर आली होती, बियाण्याला पैसे हवे होते, आणखी थांबणे शक्यच नव्हते. सात हजार भाव मिळाला. तीस क्विंटल कापूस. माझ्या एका सल्ल्याची किंमत पंचेचाळीस हजार रुपये झाली. गाडी गेल्यावर दादाने खोली झाडली, कोपऱ्यातली सरकी वेचून पोत्यात भरली आणि म्हणाला, “खोली मोठी वाटून राह्यली आता.” बस. याहून एक शब्द नाही. त्याने मला दोष दिला असता तर मी वाद घातला असता. बाजार माझ्या हातात थोडाच आहे, असे म्हणालो असतो. त्याने तीही सोय ठेवली नाही.

मोकळ्या खोलीत बसून मी हिशेब केला, आणि तो पैशांचा नव्हता. शेतीचा खेळ खोक्यात आणताना वाटेत काय सांडले ते मी पोराला मोठ्या ऐटीत सांगितले होते. पण मी स्वतः काय करत होतो? मी दादाच्या वावराशी तसाच खेळत होतो; भावाचा आकडा पाहायचा, ‘थांब’ म्हणायचे, आणि झोपून जायचे. हरलो तर माझ्या पगाराची पेटी सकाळी भरलेलीच. एवढेच नव्हे. मी एका कापूस-शेतकऱ्यावर कादंबरी लिहिली आहे. लोकांनी ती बरी म्हटली. दादाने ती महिनाभर रात्री वाचली होती आणि परत देताना एवढेच म्हणाला होता, “चांगली हाय. पन लवकर सरली.” मला वाटले, पाने कमी पडली असे त्याला म्हणायचे आहे. आता कळले. माझ्या कादंबरीत सातव्या प्रकरणात पाऊस दडी मारतो आणि आठव्या प्रकरणात येतो. मधले पस्तीस दिवस मी एका ओळीत उरकले होते. दादाचे सगळे आयुष्य त्या ओळीत होते, आणि वाटेत सांडले ते नेमके तेच.

त्या पावसाळ्यात ते पस्तीस दिवस मी पाहिले. २०२३ च्या जुलैत आमच्या जिल्ह्यात असा पूर आला की महागाव तालुक्यात माणसे सोडवायला हेलिकॉप्टर आले. आणि ऑगस्ट गेला तो शतकाहून अधिक काळात देशाने पाहिला नव्हता इतका कोरडा. शाळा सुटली की मी वावरात जाऊ लागलो. मदत कसली करणार? धुऱ्यावर दादाशेजारी बसायचे आणि दोघांनी आभाळाकडे पाहायचे. तो बोलत नसे, मीही बोलत नसे. अधिक श्रावणामुळे पोळा त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चिरंजिवांनी आपला लाकडी बैल धुतला, शिंगांना बेगड लावला आणि घरोघरी फिरून बोजारा गोळा केला. परत आल्यावर त्याने बैल टीव्हीखाली, खोक्याच्या शेजारी ठेवला. तिथेच तो अजून आहे. खोके आता क्वचितच चालते. पण दादा आणि तो मिळून कधी रविवारी ते लावतात आणि दुबार पेरलेल्या वावरात काय उगवले ते पाहतात.

दादा अजूनही दर डिसेंबरात मला विचारतो, “काय म्हन्तं? इकाचा का थांबाचं?” तेव्हापासून मी एक नेम केला आहे. थांब म्हणायचे असेल तर वेचणीची सगळी मजुरी मी आधी माझ्या पगारातून देतो आणि मग तोंड उघडतो. दादा नको नको म्हणतो. मी म्हणतो, मग सल्ला विचारू नकोस.

पहिल्या वर्षी मजुरीचे पैसे मोजून वहिनीच्या हातात दिले आणि दादाला म्हणालो, “विकून टाक.” तो ओठांतल्या ओठांत हसला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, विकायचाच होता तर पैसे कशाला दिले?”

मी काही बोललो नाही. दादाने सुपारी कातरली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि व्यापाऱ्याला फोन लावला.